तिसरी-चौथीच्या वर्गात परस्पर आदर: परिपाठाच्या पुढे काय करावं?

तांडावस्ती

जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकत्र, पट 34. परिपाठात प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार रोज होतात. उद्देशिका मुलांना तोंडपाठ आहे. पण रांग वर्गात शिरली की ढकलाढकली, 'ए काळ्या', 'ए तांड्यावरच्या' सुरू. गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या मुलांची नक्कल होते, म्हणून ती तोंडच उघडत नाहीत. मधल्या सुट्टीत मैदान मुलांचं, मुली भिंतीला टेकून. बोधकथा सांगितल्या की दोन दिवस फरक पडतो, मग पुन्हा तेच. आठवड्याला फार तर 40 मिनिटं वेगळी काढू शकते. सुरुवात कुठून करू?

खडूफळा

ताई, 40 मिनिटं पुरतात, कारण बरंचसं काम तासिकेबाहेरचं आहे. या वर्गात कोणाची किंमत किती, हे मुलांना बोधकथेतून कळत नाही. हजेरीत, पाण्याच्या रांगेत आणि खिचडीच्या पंगतीत कळतं. त्या जागा आधी दुरुस्त करा.

हजेरीपासून सुरू करा. काहींना नावाने, काहींना आडनावाने हाक मारणं बंद करून सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारा. 'तुला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते?' हे प्रत्येकाला एकेकटं विचारा आणि तेच नाव वर्गात चालवा. शिष्यवृत्ती किंवा उपस्थिती भत्त्याची कागदपत्रं मागताना 'अमक्या प्रवर्गातल्यांनी उभं राहा' असं कधीही म्हणू नका. घरी चिठ्ठी द्या. चिडवायला लागणारी माहिती मुलांना बहुतेक वेळा अशा घोषणांतूनच मिळते.

पोषण आहारात पहिली ते पाचवीला दररोज माणशी 100 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, पण रांगेत शेवटी उभ्या असलेल्या मुलाच्या ताटात डाळीचं पाणी येतं. रांगेचा क्रम रोज उलटा करा. वाढणाऱ्याने पळी तळापासून ढवळूनच वाढायचं. वाढायला एक मुलगा, एक मुलगी. बसायला हजेरी क्रमांकाने जागा द्या आणि दर सोमवारी बदला. 'बसा कुठेही' म्हटलं की पंगत वस्तीनुसार वाटली जाते.

मॉनिटरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणं थांबवा. त्यातून फक्त चहाडी आणि वचक शिकायला मिळतो. त्याऐवजी पाणी, वाचनपेटी, मैदानाचं साहित्य आणि झाडलोट ही चार कामं चार जोड्यांना द्या आणि आठवड्याने फिरवा. झाडू मुलींकडे आणि चेंडू मुलांकडे अशी वाटणी आपोआप होते, म्हणून तक्ता तुम्हीच भरा. ऊसतोडीला गेलेल्या मुलांची नावं तक्त्यावरून काढू नका. परत आल्यावर पहिल्याच सोमवारी त्यांच्याकडे काम द्या.

मैदानाचंही वेळापत्रक लावा. आठवड्यातले दोन दिवस मोठं मैदान मुलींचं, दोन दिवस मुलांचं, उरलेले दिवस लगोरी किंवा खो-खोचे मिश्र संघ. संघ चिठ्ठ्या टाकून पाडा. दोन म्होरक्यांना गडी निवडू दिले, तर शेवटी उरणारं मूल रोज तेच असतं.

आकारिक

वरच्या सगळ्याला अनुमोदन. आता तुमच्या 40 मिनिटांबद्दल. त्यांचे 20-20 चे दोन भाग करा.

पहिला भाग दुहेरी वर्तुळ. 17 मुलं आत, 17 बाहेर, समोरासमोर. प्रश्न सोपा आणि ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही असा हवा, जसं 'घरी तू कोणतं काम करतोस?' आतला एक मिनिट बोलतो, बाहेरचा फक्त ऐकतो. मग उलट. मग बाहेरचं वर्तुळ एक घर सरकतं. तीन फेऱ्या पुरेत. शेवटी प्रत्येकाने स्वतःचं सांगायचं नाही, जोडीदाराचं सांगायचं. हे दर वेळी सहा-सात जणांकडूनच घ्या, नाहीतर वेळ पुरत नाही. गोरमाटीत बोलायला मोकळीक द्या. समजलं नाही तर जोडीदाराने विचारायचं, 'म्हणजे काय?' परिसर अभ्यासाच्या तासाला दोन्ही बोलींतल्या शब्दांचा तक्ता करा (आई, याडी...) आणि शब्द सांगायला त्याच मुलांना पुढे बोलवा. पण 'चला, आज तुमची भाषा ऐकू या' असा कार्यक्रम करू नका. त्याने मूल प्रदर्शनात उभं राहतं.

दुसरा भाग वर्गनियम. पहिल्या आठवड्यात फक्त 'वर्गात काय झालं की वाईट वाटतं?' हे नाव न घालता चिठ्ठ्यांवर. दुसऱ्या आठवड्यात त्यातून जास्तीत जास्त पाच नियम, आणि तेही करायच्या भाषेत. 'मध्ये बोलू नये' यापेक्षा 'समोरच्याचं संपेपर्यंत थांबू' हे मुलाला करून दाखवता येतं. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक नियमाचा सराव, अगदी खोटं भांडण उभं करून. नियम तुम्हालाही लागू हवेत. नंतर दर शनिवारी एकच नियम तपासा. फ्लेक्स छापून घेऊ नका. छापलेला नियम बदलता येत नाही, आणि महिन्याभरात एखादा बदलावा लागतोच. पाळला नाही तर दंड किंवा उठाबशाही नकोत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे.

उद्देशिकेबद्दल: 26 जानेवारी 2020 पासून शाळांत तिचं वाचन सुरू झालं, ते चालू द्या. जोडीला महिनाभर एकच शब्द घ्या. समानतेसाठी पाण्याचा नळ पुरतो. नळ सगळ्यांना खुला आहे, पण पहिलीच्या मुलाचा हात पोचत नाही. मग काय करायचं? मुलं स्वतःच वीट आणून ठेवतात. बीड जिल्ह्यात 2009 साली सुरू झालेला 'मूल्यवर्धन' कार्यक्रमही संविधानातल्या मूल्यांवरच उभा आहे. त्याच्या उपक्रम-पुस्तिका केंद्रात असतील तर मागून घ्या.

तांडावस्ती

पंगत आणि कामांचा तक्ता सोमवारपासून लावते. एक राहिलं. भांडण झालं की दोघांना 'सॉरी' म्हणायला लावते, पण शाळा सुटल्यावर तीच जोडी पुन्हा जुंपते. आणि काही पालकच सांगतात, 'एक खाल्लीस तर दोन देऊन ये.'

नदीकाठ

लगेच सॉरी म्हणायला लावू नका. आधी दोघांना पाच मिनिटं वेगळं बसवा, पाणी द्या. मग पहिला सांगेल, दुसऱ्याने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. पहिला 'हो, असंच' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. मग उलट. शेवटी 'आता काय केलं म्हणजे मिटेल?' उत्तर त्यांचंच हवं, आणि करता येण्यासारखं: फाडलेलं पान पुन्हा लिहून देणं, खेळात घेणं. दोन दिवसांनी दोघांना वेगवेगळं विचारा.

ही पद्धत बरोबरीच्या भांडणासाठीच आहे. एकाच मुलाला अनेकजण रोज त्रास देत असतील, किंवा जातीवरून बोललं जात असेल, तर दोघांना समोरासमोर बसवू नका. त्रास सोसणाऱ्याला पुन्हा तेच सोसावं लागतं. त्याच्याशी एकट्याशी बोला, त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याशी बोला, दिनांकासह नोंद ठेवा, मुख्याध्यापकांना कळवा आणि दोन्हीकडच्या पालकांना वेगवेगळं बोलवा.

पालकांना 'मारू नको असं सांगा' एवढंच म्हणून भागत नाही. पोराने मार खाऊन यावं असं कोणत्याच आईबापाला वाटत नाही. मार न खाता काय करायचं ते त्यांना दाखवा: हात पुढे करून मोठ्याने 'थांब' म्हणायचं, तिथून निघायचं, जवळच्या मोठ्या माणसाला सांगायचं. सांगितल्यावर शाळा त्याच दिवशी दखल घेते, हे पालकसभेत स्पष्ट बोला, आणि खरोखर घ्या.

प्रत्येक मुलाबद्दल ठेवायच्या वर्णनात्मक नोंदीत 'इतरांचा आदर करतो' असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'पाण्याच्या रांगेत पहिलीच्या मुलीला पुढे जाऊ दिलं' असं लिहा. आठवड्याला पाच-सहा मुलांच्या नोंदी धरल्या तर दीड महिन्यात 34 जण होतात.