मदत हवी आहे: व्हॅलेटा (माल्टा), आई आणि पायऱ्या

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आईला घेऊन चार दिवस माल्टाला चाललेय. मी श्टुटगार्टला असते, आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली आहे. वय ७१, उजवा गुडघा बदलून दोन वर्षं झाली. सपाटीवर माझ्यापेक्षा भरभर चालते. चढण जमते. उतरताना मात्र एकेक पायरी, आणि हाताला कठडा लागतो.

माल्टा हा तिचाच हट्ट. हायस्कुलात इतिहास शिकवायची. १५६५ म्हटलं की आपल्याला तालिकोट आठवतं, तिला त्याच वर्षीचा माल्टाचा वेढासुद्धा आठवतो. जानेवारीत तिकडे विजयनगर बुडालं आणि मे महिन्यात इकडे तुर्की आरमार येऊन उभं राहिलं, हे मी नाश्त्याला किमान चार वेळा ऐकलंय.

घोळ असा झाला की फोटोतल्या लाकडी बंदिस्त सज्ज्याला भुलून मी व्हॅलेटात एक फ्लॅट बुक केला. नंतर लक्षात आलं, तिसरा मजला. लिफ्ट आहे का विचारलं तर उत्तर आलं, "इमारत ऐतिहासिक आहे." रद्द केलं, पैसे निम्मेच परत मिळाले. असो.

आता राहायचं कुठे? पायऱ्या टाळून शहर बघता येतं का? हायपोजियमची (ते जमिनीखालचं प्रागैतिहासिक दफनस्थळ) तिकिटं आमच्या चारही दिवसांची संपली आहेत, काही मार्ग आहे का? आणि आई शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. तिथे म्हणे ससा खातात. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

खारावारा:
जहाजावर होतो तेव्हा ग्रँड हार्बरला दोनदा लागलोय. पहाटे आत शिरताना दोन्ही बाजूंना मधाच्या रंगाचे तट असे अंगावर येतात की बोलायचं राहून जातं. जमलं तर आईंना एकदा तरी पाण्यातून शहर दाखवा.

पायऱ्यांचं गणित सोपं आहे. व्हॅलेटा म्हणजे पालथी घातलेली होडी समजा. मधला कणा म्हणजे रिपब्लिक स्ट्रीट. सिटी गेटपासून सेंट एल्मो किल्ल्याकडे जातो, हलका उतार आहे पण पायऱ्या नाहीत. त्याला काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्या दोन्हीकडे धाडधाड समुद्राकडे उतरतात, काही तर निव्वळ जिनेच. कणा सोडायचा नाही. बसस्टँड सिटी गेटच्या अगदी बाहेर आहे, तिथून आत सरळ चालत जाता येतं.

समोरच्या स्लीमा गावाहून फेरीने येऊ नका. ती मार्सामशेटच्या (शहराच्या दुसऱ्या अंगाचं बंदर) बाजूला खाली सोडते आणि मग चढ. ग्रँड हार्बरच्या बाजूने या. तिकडे धक्क्याजवळून अप्पर बराक्का बागेपर्यंत ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे. वर पोचलात की समोर अख्खं बंदर. दुपारी १२ला खालच्या सज्ज्यातून तोफ उडवतात, ४लाही. बाकडी आहेत. १५ मिनिटं आधी जाऊन कठड्याजवळची जागा धरा.

तळटीप:
आईंना एक सांगा (त्यांना माहीत असेलच, तुम्हाला नसेल). वेढा पडला तेव्हा व्हॅलेटा नव्हतंच! ती उघडी शिबेरास टेकडी होती, टोकाला फक्त सेंट एल्मोचा किल्ला. तो २३ जूनला पडला, तिथेच जखमी होऊन तुर्कांचा आरमारी सेनानी द्रागुत मेला. पण नाइट्स (तेव्हा माल्टावर राज्य करणारा ख्रिस्ती लढवय्यांचा पंथ) राहायचे बंदरापलीकडच्या बिर्गू गावात आणि खरी झुंज झाली ती बिर्गू आणि शेजारच्या सेंग्लियात. सप्टेंबरात वेढा उठला आणि पुन्हा असं होऊ नये म्हणून १५६६ मध्ये त्यांचा प्रमुख, ग्रँड मास्टर ला व्हॅलेट याने टेकडीवर नवं शहर मांडायला घेतलं. म्हणून तर रस्ते पट्टीने आखल्यासारखे.

वेढ्यासाठी येत असतील तर मुक्काम बिर्गूतच करा. पाण्याकाठचा रस्ता सपाट आहे, टोकाला सेंट अँजेलोचा किल्ला. शेजारच्या बोर्मलाहून फेरी सुटते, ती बरोब्बर त्या लिफ्टच्या बाजूला. गोंडोल्यासारख्या छोट्या होड्याही मिळतात, त्यांना 'डायसा' म्हणतात. मात्र समुद्र खवळला की फेरी बंद, नोव्हेंबरात एक दिवस हाताशी राखून ठेवा.

जाता जाता: १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवायला ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीने सुमारे ७,००० हिंदी सैनिक मुंबईहून माल्टाला नेले होते. शिक्षिकेला हे आवडेल.

भाजणीचे_थालीपीठ:
मी इथे माल्टातच नर्स आहे, तीन वर्षं झाली. जेवणाची काळजी सोडा. पॅस्टिझी नावाचा खुसखुशीत, करंजीच्या आकाराचा प्रकार कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो. रिकोटा चीजचा 'ताल-इर्कोट्टा', मटारचा 'ताल-पिझेल्ली'. पण थांबा! काही ठिकाणी पिठाला डुकराची चरबी लावतात आणि रिकोट्यात कधी अंडं असतं. दोन्ही विचारूनच घ्या, इंग्रजी सगळ्यांना येतं. बिगिल्ला म्हणून वाळलेल्या बाकल्याच्या (ब्रॉड बीन्सच्या) दाण्यांचं लसूण घालून वाटण असतं, ते पावाला लावून आईंना नक्की आवडेल.

गंमत म्हणजे भाषा. मूळ अरबी घराण्यातली, लिहितात रोमन लिपीत. जगाला 'दिन्या', पुस्तकाला 'क्तीब'. पहिल्या दिवशी बसमध्ये ऐकून मी दचकलेच होते. व्हॅलेटाला कुणी व्हॅलेटा म्हणत नाही, नुसतं 'इल-बेल्ट', म्हणजे शहर. आमच्याकडे पुण्यात 'गावात जाऊन येते' म्हणतात तसं.

हायपोजियमचा नाद सोडा. तासाला दहाच माणसं सोडतात आणि खाली लोखंडी जिने, ओल, अंधार. तिथे सापडलेली 'निजलेली स्त्री' रिपब्लिक स्ट्रीटवरच्याच पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तळहातावर मावेल एवढी मातीची मूर्ती, कुशीवर झोपलेली, डोक्याखाली हात. मी तिच्यासमोर सुट्टीच्या दिवशी उगाच जाऊन उभी राहते.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल चुकवू नका. जमीन म्हणजे नाइट्सच्या शेकडो रंगीत संगमरवरी कबरी, त्यांवर सांगाडे कोरलेले. टाचेचे बूट चालत नाहीत. आत काराव्हाज्जोचं १६०८ चं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र आहे. त्याने सही केलेलं हे एकमेव, आणि सही कुठे तर मानेतून सांडलेल्या रक्तात. रविवारी पर्यटकांना बंद असतं.

खारावारा:
प्लगचं राहिलं. ब्रिटिश तीन चौकोनी पिनांचा लागतो, जर्मनीचा बसणार नाही. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून. जर्मनीची सवय असेल तर रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे बघा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! बिर्गूचं वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "मी पहिल्यापासून तेच म्हणत होते, तू व्हॅलेटा व्हॅलेटा करत बसलीस." तळमजल्यावरची एक खोली बघून ठेवली आहे. या वेळी मालकाला आधी पायऱ्या मोजून कळवायला सांगितलंय. दारात दोन आहेत म्हणाला.

सशाचं अजून सांगितलेलं नाही. थालीपीठताई, मटारवाले आणि रिकोटावाले पॅस्टिझी दिसायला वेगवेगळे असतात का? की चुकून काय हातात येईल?