ट्रॅकिओस्टॉमीची नळी असताना बाबांना चमचाभर चहा चालेल का?

नाशिकची_लेक
बाबांना जीबीएस (गिलियन-बारे सिंड्रोम, नसांचा आजार, त्यात स्नायू दुबळे होतात) झालाय, वय ६१. व्हेंटिलेटर आता फक्त रात्री लागतो, पण गळ्यात ट्रेकी, म्हणजे श्वासासाठी छिद्र पाडून घातलेली नळी, आहे आणि खाणंपिणं सगळं नाकातल्या रायल्स ट्यूबमधून. पूर्ण शुद्धीत आहेत. ओठांनी 'चहा, चहा' म्हणतात, आवाज येत नाही. आत्या म्हणते, "नळीचा फुगा फुगवलाय ना, मग फुप्फुसात जाईलच कसा? चमचाभर देऊ, ठसका लागला तर थांबू." सिस्टर नाही म्हणतात. कारण कळलं तर घरच्यांना सांगता येईल. नाही म्हणताना जीव तुटतो हो.

घोट_घोट
ताई, देऊ नका. मी गिळण्याच्या त्रासावर काम करणारी थेरपिस्ट आहे, आयसीयूत रोज जाते. आत्याबाईंचं म्हणणं मी जवळजवळ प्रत्येक घरातून ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.

तो फुगा, म्हणजे कफ, स्वरयंत्राच्या खाली असतो. चहा कफपर्यंत पोचला म्हणजे तो श्वासनलिकेत शिरलेलाच आहे. तिथे साचतो आणि कडेने खाली झिरपतो. कफ आणखी फुगवणं हा उपाय नाही. त्याचा दाब साधारण पाण्याच्या २० ते ३० सेंटीमीटरइतका ठेवतात. त्याहून वाढला तर श्वासनलिकेच्या अस्तराला रक्त पोचत नाही, जखम होते.

ठसक्याची मला जास्त भीती वाटते. कफ फुगलेला असताना श्वास नळीतूनच आत-बाहेर होतो, घशातून हवा जात नाही. बरेच दिवस असं राहिलं की घसा बधिरल्यासारखा होतो. त्यात जीबीएसमध्ये गिळायचे आणि खोकायचे स्नायूच दुबळे झालेले. घोट चुकीच्या वाटेने जातो, चेहऱ्यावर काही दिसत नाही आणि नंतर न्यूमोनिया होतो. ठसका लागला नाही म्हणून सुरक्षित, असं मी कधीच धरत नाही.

डॉक्टरांना विचारा, दिवसा थोडा वेळ कफ सोडता, म्हणजे त्यातली हवा काढता, येईल का आणि फीज तपासणी कधी करता येईल. त्यात नाकातून बारीक दुर्बीण घालून, रंग मिसळलेला घास गिळताना घसा प्रत्यक्ष बघतात. पेशंटला पलंगावरून हलवावं लागत नाही. काही ठिकाणी नुसता निळा रंग देऊन सक्शनमध्ये, म्हणजे नळीतून ओढून काढलेल्या स्रावात, निळं येतं का पाहतात. निळं आलं तर उत्तर मिळालं. नाही आलं, तरी निर्धास्त होऊ नका, ही चाचणी चुकते.

रात्रपाळी_सिस्टर
तोंडाची स्वच्छता विसरू नका! तोंडाने खात नसले तरी लाळ खाली जातेच, आणि तोंड घाण असेल तर जंतूही जातात. दात, जीभ, टाळू पुसून घ्या, पण आमच्यासमोर. पलंगाचं डोकं वर ठेवलेलं असतं, ते पेशंट घसरलाय म्हणून सपाट करू नका, आम्हाला हाक मारा.

मिरजकर
माझ्या भावाला बोलायचा व्हॉल्व्ह लावला आणि आवाज आला. तोच मागा.

घोट_घोट
मिरजकर, व्हॉल्व्हचा गिळण्यालाही फायदा होऊ शकतो, कारण हवा पुन्हा घशातून वर जाते. पण कफ पूर्ण सोडल्याशिवाय तो लावायचाच नाही. व्हॉल्व्हमधून हवा फक्त आत येते. कफ फुगलेला असेल तर बाहेर जायला वाटच उरत नाही, जीव जाऊ शकतो. नातेवाइकांनी हात लावू नये.

नाशिकची_लेक
आत्याला सगळं वाचून दाखवलं. कफबद्दल तिला पटलं. उद्या राउंडला फीजचं विचारते. चहाची नुसती चव तरी देता येईल का?

घोट_घोट
तिथल्या थेरपिस्टनी परवानगी दिली तर ओल्या स्वॅबने जिभेला चव देतात, आधी सक्शन करून आणि बसवून. सुरुवात बहुधा त्यांच्यासमोरच होते. चहा घरून न्या, चालेल का तेवढं आधी विचारा.