‘ना नफा ना तोटा’ की ‘नफा न वाटणारी’?

विचारणा
सामाजिक संस्थांच्या कार्यकर्त्यांना मी संस्था-व्यवस्थापन मराठीतून शिकवते. ‘नॉनप्रॉफिट’साठी फळ्यावर ‘ना नफा ना तोटा’ लिहिलं आणि तिथेच अडलं. एका दादांनी विचारलं, “मार्चअखेर आमच्याकडे सत्तर हजार उरले, म्हणजे आमचं चुकलं का?” दुसरा शब्द सुचवाल? आणि ‘फिलान्थ्रॉपी’ला काय म्हणावं : परोपकार, दातृत्व की दान?

उत्तर
ताई, दादांचं काही चुकलेलं नाही, शब्द चुकलाय. ‘ना नफा ना तोटा तत्त्वावर’ आपण दिवाळीतल्या रवा-साखरेच्या विक्रीला म्हणतो : जितक्याला आणलं तितक्याला दिलं. ती किमतीची गोष्ट झाली. संस्थेत प्रश्न असतो तो उरलेला पैसा कोणाचा, हा. कंपनी कायदा २०१३ मधल्या कलम ८ खालच्या, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेल्या कंपनीला पैसे उरले तरी चालतात, फक्त ते लाभांश म्हणून वाटता येत नाहीत. सार्वजनिक न्यासाला (ट्रस्टला) आयकरात सूट हवी असेल तर ८५ टक्के उत्पन्न उद्दिष्टांवर लावावं लागतं, १५ टक्के मागे ठेवायला कायद्याचीच मुभा आहे. म्हणून ‘नफा न वाटणारी संस्था’ म्हणा. लांब आहे, पण खरं आहे. आणि उरलेल्या रकमेला हिशेबात ‘वाढावा’ म्हणतात, हा शब्द पहिल्याच तासाला द्या. माझ्या माहितीतली एक संस्था शिल्लक दिसू नये म्हणून दर मार्चला खातं रिकामं करायची, आणि जूनमध्ये बालवाडीताईंचे पगार थकायचे. मला हे अजून बोचतं.

दुसऱ्या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर नाही. दातृत्व हा गुण, परोपकार ही वृत्ती, आणि दान म्हटलं की पुण्य मागोमाग येतं. ‘धर्मादाय’ मला जवळचा वाटतो. लोकांना त्यात नुसता धर्म ऐकू येतो, पण धर्मादाय आयुक्तांच्या १९५० च्या कायद्यात गरिबांना मदत, शिक्षण, औषधोपचार हे सगळं येतं.

मात्र वर्गात ‘वर्गणी’ विसरू नका. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, त्यातून १९०८ साली तळेगावला काचकारखाना निघाला. देणारा म्हणजे धनिकच, ही समजूत कार्यकर्त्यांच्या डोक्यातून काढायला याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

विचारणा
‘वाढावा’ उद्याच फळ्यावर जाईल. ‘कॉर्पस’ला, म्हणजे मूळ रक्कम न मोडता जपायच्या निधीला, कायमनिधी म्हटलं तर चालेल ना?

उत्तर
चालेल. पण शब्दासोबत रीतही शिकवा : रक्कम कायमनिधीसाठी आहे असं देणगीदाराकडून लेखी घ्यायचं, नाहीतर ती साध्या देणगीतच धरली जाते.