भोंडल्यातलं कारलं सहा वर्षांच्या मुलींकडून गाऊन घ्यायचं का?

गवती चहा (धागाकर्ती)

परवा सोसायटीत भोंडला झाला. पाटावर हत्ती, भोवती वीसेक बायका, आठ-दहा मुली आणि कमिटीने छापलेली गाण्यांची पत्रकं. मुलगे खाली बॅडमिंटन खेळत होते, ते थेट खिरापतीला उगवले.

'कारल्याचा वेल' सुरू झालं. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा माहेरा. ती लावते. मग म्हणे पाणी घाल. मग फूल येऊ दे, कारलं लागू दे, भाजी कर. सगळं झाल्यावर 'मला काय पुसतेस, सासऱ्याला पूस'. असं करत करत बिचारी घरभर फिरते आणि शेवटी नवऱ्यासमोर उभी राहते.

माझी लेक पहिलीत आहे. भर रिंगणात हात सोडून तिने विचारलं, "आई, ती न विचारता का नाही जात?" शेजारच्या काकू हसून म्हणाल्या, "मोठी झालीस की कळेल."

गाण्यापेक्षा मला त्या वाक्याचा जास्त राग आला. शहाणी मुलगी विचारून जाते, नाही म्हटलं तर थांबते, हे आपण टाळ्या वाजवत शिकवतोय. माझं मत: दहा वर्षांखालच्या मुलींना ही सासुरवाशी गाणी नकोत. 'ऐलमा पैलमा' आहे, खिरापत ओळखायचा खेळ आहे, तेवढं पुरे.

जुना बाजार

ताई, गाणं उलटं वाचलंत. ही सुनेला शिकवण कुठे आहे? ही सासूची जाहीर उडवलेली टर आहे, आणि ती बायकांनीच रचली. 'अक्कण माती'चा शेवट आठवा. माहेरी खेळायला मिळतं, सासर द्वाड, कोंडून मारतं. सासरच्या अंगणात उभं राहून हे म्हणायचं म्हणजे काय धाडस!

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशीच्या डोंगरात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली, तो साठा पुढे लाखावर गेला. त्यात सासुरवास आहे, दूर गेलेला भाऊ आहे, लेकीच्या जन्माचं दुःख आहे. बायकांना बोलायला जागा मिळाली ती एवढीच. तीही आता 'मुलींवर वाईट परिणाम होतो' म्हणून बंद करा.

साबुदाणा वडा

काकांना +१. भोंडला वर्षातून एकदा. त्याच मुली रोज संध्याकाळी आजीच्या मांडीवर बसून काय बघतात? नायिका पहिले दोन आठवडे ऑफिसात असते, लग्न झालं की लॅपटॉप गायब आणि हातात पूजेचं तबक. तिच्यावर चोरीचा आळ येतो, तिला खरं माहीत असतं, तरी 'घर तुटेल' म्हणून ती गप्प. तीनशे भाग गप्प! जी बोलते ती खलनायिका, आणि तिच्या ब्लाउजला बाह्या नसतात. यावर धागा काढा की. बिचाऱ्या कारल्याच्या मागे का लागलात?

खडू-फळा

मालिकांबद्दल मान्य, पण म्हणून गाणं सुटत नाही. मुलांच्या डोक्यात चित्र कसं बसतं ते मी वर्गात बघते.

बालभारतीने 2019 साली दुसरीच्या नव्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले. (त्या वर्षी सगळा महाराष्ट्र गणितात 'एकवीस'ऐवजी 'वीस एक' म्हणायचं यावरून भांडत होता, त्यामुळे हे चित्र फारसं कुणाच्या डोळ्यांत आलं नाही.) मी ते वर्गात उघडून विचारलं, "काय दिसतंय?" एक मुलगा लगेच म्हणाला, "बाई, आई आजारी आहे." मी म्हटलं, आई तर शेजारीच बसलीय. त्यावर मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मग बाबांना सुट्टी असेल."

सात वर्षांची मुलं ही. बाबांच्या हातात भाजी म्हणजे त्याला कारण हवंच! सहाव्या वर्षी माहेरी जायला परवानगी लागते हे गाऊन पाठ झालं, तर तेही असंच मुरणार. धागाकर्तीशी सहमत.

जुना बाजार

बाई, मग 'श्रीकांता कमलकांता'चं काय? त्यात नवरा ठार वेडा आहे. करंजीला होडी समजून पाण्यात सोडतो. 'असं कसं वेड माझ्या नशिबी आलं' म्हणत मुली खिदळतात. पतिदेवाची अशी फजिती कोणत्या पोथीत आहे सांगा. हेही बंद?

गवती चहा

काका, शेवटचं कडवं म्हणा की. बायको झोपलेली असते, वेडा डोकावून बघतो, 'मेली मेली' म्हणतो आणि तिला जाळून टाकतो. मुली त्यावरही खिदळतात. मीही खिदळले आहे. परवा पहिल्यांदा तो शब्द कानाला टोचला.

अकोलेकरीण

आमच्याकडे विदर्भात भोंडल्याच्या जागी भुलाबाई, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर. तरी कारल्याचं गाणं मला दोन्हीकडचं माहीत आहे, कारण लग्न पुण्यात झालं.

त्या छापील पत्रकात शेवट काय होता? माझी पैज, 'आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा' हाच असणार. माझी आजी दुसरा शेवट म्हणायची. त्यात नवरा काठी घेतो आणि पाठीत घालतो. तेवढ्या ओळीला आजीचा आवाज चढायचा, आम्ही पोरी गप्प व्हायचो. कुणी काही समजावून सांगितलं नाही, पण माहेर मागितलं की काय होऊ शकतं ते कळलं.

आता काठी काढली, वेणी ठेवली. म्हणजे सुनेने निमूट वेल लावला, भाजी केली, उष्टी काढली आणि बक्षीस म्हणून माहेर मिळालं. सासूची टर कुठे राहिली, काका? तुमचं म्हणणं आजीच्या गाण्याला लागू आहे, सोसायटीच्या पत्रकाला नाही. आणि धागाकर्ती, तुम्ही गाळा म्हणता, कमिटीने तुमच्या आधीच गाळलंय.

अवांतर: माझी आई आजारी होती तेव्हा मला 'दिवाळी होऊ दे, मग जा' असं सांगितलं होतं. सासूबाईंचा स्वभाव वाईट नव्हता. त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. मी दिवाळीनंतर गेले. उशीर झाला होता.

नर्मदेचा गोटा

अकोलेकरीण ताई, शेवटचं वाचून थांबलो थोडा वेळ.

'बायकांना बोलायला जागा एवढीच' हे मात्र मला पटत नाही. ताराबाई शिंदे तुमच्याच बाजूच्या, बुलढाण्याच्या. 1882 साली त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' नाव घालून छापलं. सगळे दुर्गुण बाईच्या माथी मारणाऱ्या पुरुषांना झोडपलं, आणि त्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतल्या बायका कशा रंगवल्यात त्याचीही झडती घेतली. प्रती निघाल्या पाचशे, पुढे ते पुस्तक विसरलं गेलं, ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा पुढे आणलं. भोंडल्याची गाणी मात्र एक वर्षही खंडली नाहीत. का? कारण गाणं म्हणून झालं की खिरापत वाटायची आणि सगळ्या आपापल्या चुलीशी. सासूही त्याच रिंगणात फेर धरायची. कुणाला काही सोडावं लागत नव्हतं, म्हणून चालू दिलं.

साबुदाणा वडा

म्हणजे ठेवायचं की काढायचं? एक काय ते ठरवा.

जुना बाजार

ठेवायचं. काठीसकट. पत्रकाबद्दल अकोलेकरीण बरोबर आहेत, ते मी लक्षात घेतलं नव्हतं. गोट्यांना मात्र मी मानत नाही. ताराबाईंचं पुस्तक वाचायला अक्षरओळख लागत होती, गाण्याला नाही.

खडू-फळा

काठीसकट पहिलीच्या मुलींना? मी नाही शिकवणार. चौथी-पाचवीला शिकवीन, आणि मुलग्यांना बॅडमिंटन सोडून रिंगणात यावं लागेल.

गवती चहा

पत्रक शोधून पाहिलं. फणी-वेणीच आहे. पैज जिंकलात, ताई.

माझं 'गाळा' मात्र आता तितकं ठाम राहिलं नाही. काल संध्याकाळी लेक घरात हेच खेळत होती. बाबाला सून केलं होतं. "झाडाला पाणी घाल, मग जा. बूट नीट ठेव, मग जा. मला काय पुसतोस, आजीला पूस." तो बिचारा भाजी आणायला निघाला होता, पिशवी हातात धरून अर्धा तास उभा. मी म्हटलं, आता तू सून हो. नाही म्हणाली. सासूच व्हायचंय तिला.

अकोलेकरीण

आम्हा बहिणींतही सून व्हायला कुणी तयार नसायचं. सगळ्यात धाकटीला करायचो.