मदत हवी आहे: खोलीत वटवाघूळ लटकलंय, हलत नाही

रेवा२१
पडद्यामागे वटवाघूळ लटकलंय. तपकिरी, अंगठ्याएवढं, पंख घट्ट मिटलेले. काठीने पडदा हलवला तरी ढिम्म. मेलंय की झोपलंय? बाहेर बर्फ आहे. खिडकी उघडून झाडूने ढकललं तर चालेल का? लवकर सांगा, संध्याकाळच्या आत ते घराबाहेर हवंय.

रानवाटा
झाडू नको, प्लीज! शीतनिद्रेत असणार. या काळात त्यांचं अंग आजूबाजूच्या हवेइतकं गार पडतं, हृदयाचे ठोके मिनिटाला शेकड्यांवरून दहा-वीसवर येतात. एकदा जागं व्हायला साठवलेली बरीच चरबी जळते आणि हिवाळ्यात किडे नसतात, म्हणजे ती भरून निघत नाही. बर्फात टाकलंत तर मेलंच. खोली कोणती? तिथे हीटर असतो का? उबदार खोलीत ही झोप फार टिकत नाही.

खटपट्या
चार कोपऱ्यांत डांबरगोळ्या टाका. आमच्या माळ्यावरची अशीच पळवली, पुन्हा फिरकली नाहीत.

रानवाटा
@खटपट्या, गाढ झोपलेलं वटवाघूळ वासाने उठून जाणार कुठे? आणि बंद खोलीत त्या गोळ्यांची वाफ माणसांनाही वाईट.

खटपट्या
मी अनुभव सांगितला, तुम्ही पुस्तकातलं सांगताय.

मंजिरी_क
उपाशी असेल बिचारं. ड्रॉपरने दूध नाहीतर फळाचा रस पाजून बघा ना.

रेवा२१
अहो, खायला काय घालू हे मी विचारलंच नाहीये! बाहेर कसं काढू ते सांगा कुणीतरी. खोली वरच्या मजल्यावरची. तिथला हीटर बंद पडलाय, म्हणून गारठलेली आहे.

सुमेधा_डॉ
त्या खोलीत झोपतं कोण?

रेवा२१
लेक. सहा वर्षांची. काल रात्रीही तिथेच होती. पण चावलं वगैरे काही नाही, मी तिचं सगळं अंग बघितलं.

सुमेधा_डॉ
मग बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आत्ता डॉक्टरांना फोन करा. वटवाघळाचे दात सुईसारखे बारीक असतात. चावा दिसतोच असं नाही, झोपेतल्या मुलाला कळतोच असंही नाही. त्यामुळे लहान मूल झोपलेल्या खोलीत वटवाघूळ सापडलं, की संपर्क झाला असं धरूनच चालतात. काल रात्री ते जागं असून आज गारठ्यात निपचित झालेलं असू शकतं. रेबीजची लक्षणं सुरू झाली की जवळजवळ कुणी वाचत नाही. त्याआधी वेळेत लस घेतली तर आजार टळतो. ते सोडू नका, मारू नका. तपासणी मेंदूची करतात, डोकं चिरडलं तर ती होत नाही.

खटपट्या
बापरे! पोटात चौदा इंजेक्शनं, एवढ्याशा पोरीला?

सुमेधा_डॉ
ते जुनं झालं हो, उगाच घाबरवू नका. आता दंडात, साधारण चार-पाच डोस, पहिल्या दिवसापासून दोन ते चार आठवड्यांत. गरजेप्रमाणे सोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन.

रानवाटा
तपासणी म्हणजे ते मारणारच. बहुतेक वटवाघळांना रेबीज नसतो हेही लिहा ना. वर्षाला जेमतेम एक पिल्लू होतं त्यांना.

सुमेधा_डॉ
नसतो, मान्य. पण याला आहे की नाही ते बघून कळत नाही. काही ठिकाणी तपासणी न करता थेट लस देतात, तसं झालं तर ते वाचेल. तो निर्णय तिथल्या आरोग्य खात्याला घेऊ द्या.

रानवाटा
ठीक, मुलीपुढे माझा आग्रह नाही. पण पकडताना नीट पकडा. जाड चामड्याचे हातमोजे, उघड्या हाताने अजिबात नाही. पुठ्ठ्याचं खोकं त्याच्यावर उपडं धरा, मागून हळूच पुठ्ठा सरकवा. आत धरून राहायला मऊ कापड, बाटलीच्या झाकणात पाणी. भोकं पेन्सिलीच्या टोकाएवढीच, त्याहून मोठ्या फटीतून निसटतं. झाकण चिकटपट्टीने बंद करून थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. आणि मंजिरीताई, दूध-रस नको, ही किडे खाणारी जात.

भिंतदुरुस्ती
आलं कुठून ते बघा. छताच्या कडेची बोटभर फटही पुरते. पण बाहेरच्या फटी आत्ता बुजवू नका, भिंतीत आणखी झोपलेली असतील तर कोंडून मरतील. वसंतात ती बाहेर पडायला लागली, की एकाच बाजूने जाता येईल अशी जाळी लावायची, मग बुजवायचं. उन्हाळ्यात नको, पिल्लं आत असतात.

रेवा२१
डॉक्टरांशी बोलले. लगेच बोलावलंय, निघतोय. वटवाघूळ खोक्यात आहे. पुठ्ठा सरकवताना तोंड उघडून किर्र केलं, म्हणजे जिवंत आहे. आरोग्य खात्याची माणसं उद्या सकाळी नेणार. तोवर लेक आमच्याच खोलीत झोपेल.

खटपट्या
हीटर कुठल्या प्रकारचा आहे? आमचाही असाच बंद पडायचा.

सुमेधा_डॉ
@रेवा२१, पुढच्या डोसच्या तारखा आजच लिहून घ्या. आणि काल त्या खोलीत आणखी कुणी झोपलं असेल तर त्यांचंही डॉक्टरांना सांगा.