शॅरन टेटचं चरित्र की मॅन्सनची केस डायरी?

मृण्मयी_कोथरूड (धागाकर्ती)

आमच्या वाचनगटात सध्या सिनेमावाल्यांची चरित्रं चालू आहेत. या खेपेला शॅरन टेटचं एक इंग्रजी चरित्र होतं. बैठकीत अशी जुंपली की केलेले पोहे तसेच राहिले. उरलेला काथ्या इथे कुटायला आणलाय.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी दोन ओळी. शॅरन अमेरिकन नटी, जन्म १९४३, डॅलसचा. ९ ऑगस्ट १९६९ ला मध्यरात्र उलटल्यावर लॉस एंजेलिसच्या सिएलो ड्राइव्हवरच्या घरात चार्ल्स मॅन्सनच्या टोळक्याने तिच्यासकट पाच जणांना ठार मारलं. तिचं वय २६, पोटात साडेआठ महिन्यांचं मूल. नवरा, दिग्दर्शक रोमान पोलान्स्की, तेव्हा लंडनला होता.

माझं म्हणणं असं की हे चरित्र नाही, पंचनामा आहे. पहिलं प्रकरण त्या रात्रीचं. मध्यावर तीच रात्र पुन्हा. खटल्याच्या निमित्ताने तिसऱ्यांदा, या वेळी जखमांच्या आकड्यासकट. आणि बाई कुठे आहे? वडील लष्करात, सतत बदल्या, शाळेची शेवटची वर्षं इटलीतल्या व्हेरोनाला राहून, हे सगळं दीड पानात गुंडाळलंय. विशीत निर्मात्याशी सात वर्षांचा करार झाला, टीव्हीच्या विनोदी मालिकेत काळा टोप घालून सेक्रेटरीचं काम केलं, त्याचा एक परिच्छेद. मॅन्सनचं बालपण, त्याच्या तुरुंगवाऱ्या, गाणी रेकॉर्ड करून घ्यायची धडपड, याला मात्र सबंध प्रकरण! नायिका कोण तेच कळेना.

सदाशिव_वकील

असहमत. खून झाला नसता तर हे पुस्तक निघालं असतं का, एवढंच आधी प्रामाणिकपणे सांगा. मोजके सिनेमे, त्यात गाजलेला एखादा. अशा किती नट्या आल्या नि गेल्या.

दुसरं. त्या रात्रीचा तपशील तिच्या बाजूचा आहे, हे तुमच्या लक्षात येत नाहीये. खुनी कोण ते डिसेंबरपर्यंत बाहेर आलं नव्हतं. तोवर पेपरांनी काय काय छापलं? नशेच्या पार्ट्या, जादूटोणा, चाळे. सूर असा की हिनेच ओढवून घेतलं. पोलान्स्कीला पत्रकार परिषद घेऊन वार्ताहरांना झापावं लागलं. पुढे कोर्टात टोळीतलीच लिंडा कसाबियन माफीची साक्षीदार झाली, घटनाक्रम मिनिटामिनिटाने उलगडला, तेव्हा कुठे ती घाण धुतली गेली. जखमा मोजणं तुम्हाला किळसवाणं वाटतं. कोर्टात तोच पुरावा असतो.

आणि आईचं काय? आरोपींना १९७१ मध्ये मृत्युदंड झाला. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मृत्युदंडच घटनाबाह्य ठरवला आणि सगळ्यांची जन्मठेप झाली, म्हणजे पॅरोल मागायची वाट मोकळी. दहाएक वर्षं मिटून बसलेली डोरिस टेट १९८२ मध्ये उठली. एका आरोपी बाईच्या पॅरोलविरुद्ध साडेतीन लाखांवर सह्या गोळा झाल्या. त्याच वर्षी पीडितांच्या हक्कांचा कायदा तिथे लोकमताने मंजूर झाला. १९८४ मध्ये टेक्स वॉटसनच्या पॅरोल सुनावणीत, मुलीच्या मारेकऱ्यासमोर, ही बाई बोलायला उभी राहिली. ती रात्र गाळायची तर आईचं पुढचं सगळं आयुष्यही गाळा.

बोरकूट

वकीलसाहेबांना +१. खून गाळून काय लग्नाचा अल्बम छापायचा?

डबल_रोल

दोन्ही पार्ट्यांना एक भाबडा प्रश्न. तिचा एक तरी सिनेमा कुणी पाहिलाय का? 'मोजके सिनेमे' म्हणून वकीलसाहेब मोकळे झाले, म्हणून विचारतोय.

'व्हॅली ऑफ द डॉल्स', १९६७. सिनेमा भडक आहे, समीक्षकांनी धुतला, योग्यच केलं. पण तिने केलेली जेनिफर बघा. फक्त शरीरावर विकली जाणारी नटी, आणि ते तिलाही ठाऊक आहे. आईचा फोन येऊन गेल्यावर ती छातीचा व्यायाम करायला लागते आणि मध्येच वैतागून सोडून देते, म्हणते जाऊ दे खड्ड्यात. काही सेकंदांचं काम आहे. त्या काही सेकंदांत तिने स्वतःच्याच धंद्याची जी चेष्टा केलीय, ती लेखकाने लिहून दिलेली वाटत नाही. नवोदितांसाठीचं गोल्डन ग्लोब नामांकन याच कामाला होतं.

आणि 'द रेकिंग क्रू'. चष्मा लावलेली, सारखी धडपडणारी मुलगी. त्यातली मारामारी तिला ब्रूस लीने शिकवली. विनोदाचं टायमिंग असं की शेजारचा हिरो झोपलेला वाटतो. तिच्या हयातीत लागलेला हा शेवटचा सिनेमा. ही मुलगी विनोदी नटी म्हणून पुढे गेली असती असं माझं ठाम मत आहे, आणि चरित्रकाराला ते सुचूही नये? मृण्मयी, तुझी तक्रार पानांची आहे. माझी तक्रार अशी की त्या लेखकाने सिनेमेच नीट पाहिलेले नाहीत.

नाना_शनिपार

पोरांनो, अमेरिकेत कशाला जाता. पुण्यातलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड आठवतंय का कुणाला? १९७६-७७. वर्ष-सव्वा वर्षात दहा खून. दिवेलागणीला पेठा सामसूम व्हायच्या, बेल वाजली तरी आतून तीनदा नाव विचारल्याशिवाय कडी निघत नसे. आमच्या वाड्याचा दिंडी दरवाजा त्या वर्षी रात्री उघडा राहिलेला मला आठवत नाही.

आता कुठल्याही पुणेकराला विचारा. जक्कल? लगेच डोळे मोठे करून सगळी गोष्ट सांगेल. जक्कल, सुतार, जगताप, मुनव्वर शहा, चौघांना १९८३ मध्ये येरवड्यात फाशी, सगळं तोंडपाठ. सिनेमा निघाला, त्यात नाना पाटेकर. मुनव्वरने तर तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं, छापूनही आलं.

आणि अभ्यंकर कोण होते? काशीनाथशास्त्री अभ्यंकर. संस्कृत व्याकरणातला मोठा माणूस. त्यांनी केलेला व्याकरणाचा कोश आजही संस्कृतवाले उघडतात. हे सांगणारा शंभरात एक भेटला तर मी मिसळ देईन. खुन्याचं आत्मचरित्र आहे, पंडिताचं आयुष्य मात्र फाइलीच्या नावावर अडकलंय. मृण्मयीताई म्हणतात त्यात तथ्य आहे.

सदाशिव_वकील

नाना, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने वळवतो. प्रकरणाला नाव कुणाचं आहे? मेलेल्यांचं. कुणी 'जक्कल खटला' म्हणत नाही. आणि आज तुम्ही शास्त्रीबुवांच्या कोशाबद्दल इथे दोन ओळी लिहिल्यात त्या खुनाचा विषय निघाला म्हणूनच. एरवी पुण्यात व्याकरणपंडितांची आठवण कोण काढतो?

नाना_शनिपार

मी काढतो. पण मुद्दा घेतला.

स्वानंदी_पाषाण

वकीलकाका, कोर्टाला जे लागतं तेच वाचकाला लागतं असं कुठे आहे? न्यायालयात ते तपशील एकदा सांगितले, निकाल लागला, संपलं. नंतरची पन्नास वर्षं ते कुणासाठी सांगतायत? खटल्याच्या सरकारी वकिलाने स्वतः १९७४ मध्ये पुस्तक लिहिलं आणि ते गुन्हेकथांच्या बाजारात तुफान खपलं. तेव्हापासून हे दुकान चालू आहे.

त्या घराच्या दाराची गोष्ट माहितीये? शॅरनच्या रक्ताने खुन्यांनी त्यावर 'पिग' लिहिलं होतं. थोड्याच दिवसांत पोलान्स्कीने त्या दाराशी बसून 'लाइफ' मासिकाला फोटो दिला, अक्षरं अजून तशीच. पुढे १९९२ च्या सुमारास नाइन इंच नेल्स या रॉक बँडचा ट्रेंट रेझ्नर त्या घरात भाड्याने राहिला, तिथेच अल्बम केला. १९९४ मध्ये घर पाडलं, त्याआधी याने ते दार उचलून न्यू ऑर्लिन्सच्या आपल्या स्टुडिओला बसवलं. शॅरनच्या बहिणीने त्याला तोंडावर विचारलं होतं, माझ्या बहिणीच्या मरणाचा तू फायदा उठवतोयस का? हे त्यानेच नंतर मुलाखतीत सांगितलं, आणि तोवर तिच्याकडे माणूस म्हणून बघितलंच नव्हतं हेही. माझ्या मते प्रत्येक चरित्रकाराला हा प्रश्न विचारावा.

आणि खरं खरं सांगा सगळ्यांनी. रात्री झोप उडवून वाचलंत ते कुठलं प्रकरण? व्हेरोनाचं?

बोरकूट

खरं सांगू? ऑगस्टचं. पण मग दोष लेखकाचा की माझा?

मृण्मयी_कोथरूड

दोघांचा. बाजार मागतो म्हणून माल येतो.

वकीलकाका, डोरिसबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला मान्य आहे, किंबहुना पुस्तकातली तीच पानं मला सगळ्यात जास्त भिडली. वडिलांचंही तसंच. लष्करी गुप्तवार्ता विभागातला शिस्तीचा अधिकारी निवृत्ती घेऊन दाढी-केस वाढवतो आणि मुलीच्या खुन्यांच्या मागावर हिप्प्यांमध्ये फिरतो. पण ही गोष्ट त्या रात्रीनंतर घरच्यांचं काय झालं याची आहे. त्यासाठी सुरी कुठे लागली ते तीनदा कशाला? एकदा लिहा, नेमकं लिहा, पुढे चला.

पोलान्स्कीबद्दल कुणीच बोललं नाही. पुस्तकात तो शोकमग्न नवरा म्हणून येतो आणि तसाच राहतो. त्याच माणसाने १९७७ मध्ये अल्पवयीन मुलीशी संभोग केल्याचा गुन्हा कबूल केला, १९७८ मध्ये शिक्षा सुनावण्याआधी देश सोडला. ते एका वाक्यात. संसारात तो कसा वागायचा हेही मवाळपणे. शॅरनबद्दल लिहायचं तर तिचं लग्न तरी डोळे उघडे ठेवून बघायला नको?

सदाशिव_वकील

नवऱ्याच्या बाबतीत सहमत. लिहून ठेवा, रोज होत नाही.

पण पानांच्या हिशेबाचं खरं कारण कुणी बोलत नाहीये. खून झाला की कागद तयार होतो. पंचनामा, शवविच्छेदन, साक्षी, उलटतपासण्या, अपिलं, पॅरोलच्या सुनावण्या. हजारो पानं, तारीखवार, शपथेवर. २६ वर्षं जगलेल्या मुलीचा कागद काय? थोडी पत्रं, प्रसिद्धीचे फोटो, स्टुडिओने लिहून दिलेल्या मुलाखती. चरित्रकार कागदाच्या मागे जातो. कल्पनेने भरलं असतं तर तुम्हीच कादंबरी म्हणून झोडपलं असतं.

डबल_रोल

हा मुद्दा या धाग्यावरचा सगळ्यात भारी, आणि तरी अर्धाच. कागद नाही, पण फिल्म आहे की! नटीचा कागद म्हणजे तिची रिळं. वकील साक्षीपुरावा जसा वाचतो तसा सिनेमा वाचता आला पाहिजे, फ्रेमफ्रेमने.

अवांतर वाटेल, पण आपल्याकडची प्रिया राजवंश घ्या. शिमल्याची मुलगी, लंडनच्या 'राडा' या नाट्यसंस्थेत अभिनय शिकलेली, चेतन आनंदच्या 'हकीकत'मधून १९६४ मध्ये आली, जवळपास सगळं काम त्याच्याबरोबरच. २००० मध्ये जुहूच्या घरात खून. तिचं नाव काढलं की लोक खटल्याचंच बोलतात. तिच्यावर कुणी लिहायला बसलं तर पहिलं प्रकरण कुठलं असेल? बोला.

सदाशिव_वकील

खुनाचंच. प्रकाशक दुसरं काही ठेवूच देणार नाही.

स्वानंदी_पाषाण

मग प्रकाशकाला सांगा की पहिलं प्रकरण लंडनचं, नाहीतर हस्तलिखित परत. डबल_रोल, तुम्हीच घ्या की लिहायला. लॉ कॉलेज रोडला चित्रपट संग्रहालय आहे, जुनी मासिकं तिथे बसून वाचता येतात. नुसतं इथे टंकून काय होणार.

डबल_रोल

नोकरी कोण करेल, तुम्ही?