घोड्याच्या वावरातले धुरे साफ करावे की राखावे?

घोडेवाला, दर्यापूर
सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडं आणलं की आपल्याकडे पहिलं काम ठरलेलं. जेसीबी बोलवायचा, धुऱ्यावरच्या (म्हणजे वावराच्या बांधावरच्या) बोरी-बाभळी उपटायच्या, उरलंसुरलं तणनाशकाने जाळायचं आणि चहूबाजूंनी काटेरी तार ओढायची. माझं म्हणणं, हे थांबवा. धुरा राखा आणि गवताचा एक तुकडा दरवर्षी बी धरेपर्यंत न चारता सोडा.

मोकळं घोडं दिवसाचे 14-16 तास चरतं, पण सगळीकडे सारखं नाही. त्याला वर-खाली दोन्हीकडे पुढचे दात असतात, त्यामुळे आवडीच्या जागी ते गाईपेक्षा खोल, पार मातीपर्यंत कुरतडतं. लीद टाकलेल्या जागेला मात्र तोंड लावत नाही. म्हणून एकीकडे बोडकी जमीन आणि दोन पावलांवर गुडघाभर मारवेल गवत, असं दिसतं. बोडक्या जागी पहिल्या पावसात गाजरगवत माजतं. उंच पट्ट्यात टोळ, फुलपाखरं, चंडोलाची घरटी असतात, आणि आपण नेमके तेच पट्टे कापतो.

मे महिन्यात पारा 45 वर गेला की टिनाच्या शेडपेक्षा बाभळीखाली जनावर शांत उभं राहतं. तारेने छाती फाटलेली घोडी ज्याने पाहिली, त्याला मेंदी-सीताफळाच्या कुंपणाचं महत्त्व सांगावं लागत नाही.

पशुवैद्य, यवतमाळ
सावलीचं मान्य. पण "नैसर्गिक"च्या नावाखाली शेततळ्याचा काठ दलदलीचा ठेवू नका. ओल्या चिखलात, काठच्या गवतावर गोमाशी वाढते आणि तीच सर्रा हा रोग पसरवते. येऊन-जाऊन ताप, पाय आणि पोटाखाली सूज, खाणं असूनही घोडं खंगत जातं. उपचार लवकर झाला नाही तर हातचं जातं. धुऱ्यावर काय उगवतं तेही बघा. कण्हेर, धोतरा आणि एरंडाचं बी घोड्याला विष आहे. तिथे मी कुणाला "राखा" म्हणणार नाही.

वावरवाला
भाऊ, झुडपं ठेवा म्हननं सोपं हाये. आमच्याकडे त्याच झुडपात रानडुकरं दिवसभर बसतेत अन् रात्री हरभऱ्यात शिरतेत. परड (घोणस साप) निंघते ते येगळीच. घोडं तुमचं, नुकसान शेजाऱ्याचं. काहून सोसाव त्यानं?

घोडेवाला, दर्यापूर
दादा, शेजाऱ्याचं नुकसान मी हलक्यात घेत नाही. पण डुकराला दाट, खालपासून गच्च झालेली रायमुनिया (घाणेरी) लागते. ती उपटाच, ती आपल्याकडची नाहीही. बोर, बाभूळ, पळस यांचं खोड खालून मोकळं ठेवलं तर आरपार दिसतं आणि डुकराला बसायला आडोसा मिळत नाही. परड उंदरांमागे येते. उंदीर असतात कुटाराच्या (भुशाच्या) ढिगात आणि दाण्याच्या कोठीत, मग सगळा दोष धुऱ्यावर का?

गवताळ रान, वाशीम
एक मुद्दा राहिलाच. जंतांचं औषध ठरलेल्या महिन्याला डोळे झाकून पाजू नका. त्यातलं आयव्हरमेक्टिन लिदीतून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. हेच किडे पावसाळ्यात लीद मातीत गाडतात, त्यामुळे जंतांच्या अळ्या गवतावर चढण्याआधीच कमी होतात. लीद तपासून मगच औषध द्या.

आणि अकोला-वाशीमकडच्या गवताळ रानात पावसाळ्यात तणमोर हा पक्षी येतो, हे विसरू नका. ज्याला आपण पडीत म्हणतो, तिथेच तो घरटं करतो. घोडेवाल्यांनी ठरवलं तर त्याच्यासाठी गवत उरेल, एवढी जागा त्यांच्याच हातात आहे.

पशुवैद्य, यवतमाळ
ताई, लीद तपासणीबद्दल शंभर टक्के सहमत. लीद पसरवायचीच असेल तर कडक उन्हाळ्यात पसरवा, अळ्या वाळून मरतात. पावसाळ्यात पसरवली तर जंत वावरभर होतील. शेततळ्याबाबत मात्र माझं मत कायम आहे. पाणी ठेवा, पण घोड्यांना कुंपणाने लांब ठेवा आणि प्यायला टाकी वेगळी बांधा.

वावरवाला
बोरी राहू देतो मंग, खालून छाटून. पन हरभऱ्याच्या बाजूचा धुरा मी साफच ठेवनार. तिथं मले कोनाचं आयकायचं नाई.